खल्लीवल्ली भिकाजी

भिकाजी तोरसकर पहिल्यांदा आमच्या दारात उभा राहिला तो चुकून. खांद्यावर सिमेंटची अर्धी गोणी, हातात लादी कापायचं कटर आणि तोंडात दशावतारातलं कुठलंसं पद. मी दार उघडल्यावर त्याने विचारलं, “मॅडम, बाथरूम किधर है?”

मी म्हटलं, “अहो, तुम्हाला समोरच्या दारात जायचंय.”

मराठी ऐकल्याबरोबर त्याने गोणी माझ्या पायपुसण्यावरच ठेवली. “वहिनी, तुम्ही कुठल्या?”

हे १९९६ च्या उन्हाळ्यातलं. शारजात बुहैरा भागात आमचं बिऱ्हाड होतं. चारुदत्त, म्हणजे माझा नवरा, एका शिपिंग कंपनीत होता. जय दुसरीत होता आणि मी मराठीत काहीही विचारलं तरी इंग्रजीत उत्तर द्यायला शिकला होता. समोरच्या फ्लॅटमध्ये मोईझ नावाचा तुर्की इंजिनिअर आणि त्याची आई राहायची. आई म्हणजे मादाम फोर्तुने. साठी उलटलेल्या, बुटक्या, कचरा टाकायला जातानाही लिपस्टिक लावणाऱ्या. बोलायच्या फ्रेंच, तुर्की आणि कुठलीशी जुनी स्पॅनिश. इंग्रजी मात्र टीव्हीवरून उचललेलं, त्यामुळे त्यांच्या तोंडी मधूनच जाहिरातीतली वाक्यं यायची. आता त्या इस्तंबूलला परत गेल्यात, पण फोनवर अजून तसंच बोलतात.

मोईझ हे नाव ऐकून सगळी इमारत त्यांना मुसलमान समजायची. ते ज्यू आहेत हे मादामनी मला एकदा कॉफी पिता पिता सांगितलं, मला मधुमेह आहे म्हणावं इतक्या सहज. वर म्हणाल्या, “कोणी विचारत नाही, म्हणून मी सांगत नाही.” मी म्हटलं, आमच्याकडचे, अलिबागच्या बाजूचे ज्यू मराठी बोलतात आणि त्यांच्या आज्या नऊवारी नेसायच्या. यावर विश्वास बसायला त्यांना कॉफीचा दुसरा कप लागला.

तर त्यांच्या न्हाणीघरातला पाइप गळून खालच्यांचं छत ओलं झालं होतं. लाद्या उखडायच्या आणि नव्या बसवायच्या. वॉचमनने ओळखीतला स्वस्त माणूस पाठवला तो भिकाजी. चार दिवसांचं काम लांबत गेलं, कारण मादाम लाद्यांचा रंग बदलत राहिल्या आणि दर तासाला त्याला काहीतरी खायला घालत राहिल्या. दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती, म्हणून मध्ये मी. पण खरं सांगायचं तर माझ्यावाचून त्यांचं फारसं अडत नव्हतं. भिकाजी लादी थापताना गायचा आणि मादाम स्वयंपाकघरातून सुराला सूर लावायच्या. दोघांचं गाणं वेगळं, तालही वेगळा, आणि दोघंही खूश.

भिकाजी देवगडकडचा. तिशी ओलांडलेला, काटक, अंगावर सदैव पांढरी धूळ. सहा वर्षांपूर्वी दुबईत आला तेव्हा मुलगी दर्शना रांगत होती. ज्या कंत्राटदाराने आणलं त्याने विमानतळावरच सगळ्यांचे पासपोर्ट काढून घेतले. दीड वर्षाने एका सकाळी ऑफिसला कुलूप, कंत्राटदार गायब आणि पासपोर्टही गायब. तेव्हापासून भिकाजी अजमानला एका खोलीत दहा जणांबरोबर राहून मिळेल तिथे लाद्या बसवायचा. अशा बिनकागदी माणसाला इथे ‘खल्लीवल्ली’ म्हणतात. अरबीत त्याचा अर्थ साधारण ‘सोड, गेलं उडत’ असा. भिकाजी स्वतःची ओळखही तशीच करून द्यायचा: “मी खल्लीवल्ली भिकाजी.” आणि हसायचा.

घरी पत्र लिहायचा त्याला कंटाळा. गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती तो कॅसेट पाठवायचा. त्यात अर्धा तास गप्पा, मग बायकोसाठी एक पद आणि शेवटी दर्शनासाठी कोंबड्याची, म्हशीची, एसटीची नक्कल. उलट कॅसेट यायची ती बायकोची, मुक्ताबाईची. ती मात्र गात नसे. नारळ किती उतरले, छपराचं काय झालं, हे सांगून झालं की म्हणायची, “आता कधी येतलास ता सांग.”

त्याच उन्हाळ्यात सरकारने जाहीर केलं की ज्यांच्याकडे व्हिसा नाही त्यांनी ठरलेल्या मुदतीत देश सोडावा. दंड नाही, तुरुंग नाही. मुदत संपली की मात्र खलास. टीव्हीवर रोज तेच. मादामनी ते बघितलं आणि भिकाजी दुपारी जेवायला बसला तेव्हा मला म्हणाल्या, “याला विचार, याचा पासपोर्ट कुठे आहे?”

मी विचारलं. भिकाजीने भाकरी मोडल्यासारखा ब्रेड मोडला. “पासपोर्ट खल्लीवल्ली.”

तो शब्द मादामना माझ्याशिवाय कळला. “मग तू तुझ्या कॉन्सुलेटमध्ये गेलास का?”

“कशाला जाऊ, वहिनी? गेलो की पहिला प्रश्न, पासपोर्ट दाखव. नाही म्हटलं की म्हणणार, मग तू आमचा कशावरून? त्यापेक्षा मी हय बरो आसय. मी देवगडात जन्मलो, हे काय कागद नसला म्हणून बदलणार आहे?”

मी हे इंग्रजीत सांगितलं.  मादामनी हातातला डाव खाली ठेवला, ओट्याजवळचं स्टूल ओढलं आणि भिकाजीसमोर बसल्या.

“अगदी हेच वाक्य,” त्या म्हणाल्या. “माझा मामा म्हणायचा. मी इस्तंबूलला जन्मलो, ते काय बदलणार आहे?”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुकड्या-तुकड्याने मराठीत भिकाजीला सांगत गेले.

मादामचे वडील आणि मामा निसिम, दोघंही इस्तंबूलहून पॅरिसला गेलेले. वडील बाजारात मोजे विकायचे, मामा कॅफेत व्हायोलिन वाजवायचा. दोघंही तुर्की नागरिक. वडील दरवर्षी न चुकता चांगला कोट घालून तुर्की वकिलातीत जायचे आणि नावाची नोंद ताजी करून यायचे. मामा त्यांना हसायचा. त्याला रांगेत उभं राहायचा कंटाळा. मग जर्मन आले. पॅरिसमधल्या ज्यूंना पकडून न्यायला लागले. पण तुर्कस्तान युद्धात नव्हतं, म्हणून तुर्की पासपोर्टवाल्यांना काही काळ हात लावला नाही. पुढे जर्मनांनी अशा देशांना कळवलं की तुमचे ज्यू तुम्ही घेऊन जा, नाहीतर त्यांचंही आम्ही तेच करू. तुर्की सरकारने आधी पाहिलं, आपले कोण. ज्यांनी पाच वर्षं नोंद केली नव्हती त्यांचं नागरिकत्व काढून घ्यायचा कायदा त्यांनी आधीच केलेला होता.

“मी चौदा वर्षांची होते,” मादाम म्हणाल्या. “बाबांबरोबर वकिलातीत गेले. खिडकीमागच्या माणसाने बाबांचं नाव शोधलं. सापडलं. मग मामाचं शोधलं, आणि म्हणाला, हा आता आमचा नाही. बाबा म्हणाले, अहो, हा माझ्या बायकोचा सख्खा भाऊ, याची मुंज तुमच्याच गावात झाली.”

‘मुंज’ हा शब्द माझा. त्यांनी दुसरा काही वापरला होता, पण भिकाजीला तो एका क्षणात कळला.

“मामा तेव्हा बाहेर रस्त्यावर उभा होता. आत यायलाच तयार नव्हता, त्याला लाज वाटत होती. आठवड्याभरात त्याला घेऊन गेले. आधी पॅरिसबाहेरच्या छावणीत, मग पूर्वेला. तो परत आला नाही. आणि आम्हाला आमच्या सरकारने आगगाडीत बसवून घरी आणलं. डब्यावर आमच्या झेंड्यातला चंद्र होता. इस्तंबूलच्या स्टेशनवर लोकांनी आम्हाला गरम चहा पाजला. आता सांग, मी कुणावर रागावू? ज्या सरकारने मला वाचवलं, त्यानेच मामाला टाकून दिलं.”

 भिकाजीने ताटलीतला तुकडाही उचलला नाही.

“चूक मामाची नव्हती,” मादाम म्हणाल्या. “कागद नाही म्हणून माणूस परका होत नाही. ते त्यांना कळायला हवं होतं. पण मला अजून वाटतं, तो आत आला असता तर. त्याचं तोंड बघून कदाचित त्या माणसाला नाही म्हणणं जड गेलं असतं. म्हणून तुला सांगते, खिडकीपर्यंत जा. ते काय म्हणायचं ते म्हणू देत. तू जा.”

भिकाजीने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मग मला म्हणाला, “त्यांना विचारा, मामा व्हायोलिन कसं वाजवायचे?”

मी विचारलं. मादामच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. “वाईट,” त्या म्हणाल्या. “फार वाईट. कॅफेचा मालक त्याला न वाजवायचे पैसे द्यायचा.”

भिकाजी इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, “चला, वहिनी. कधी जायचं ते ठरवा.”

ठरलं ते मादामनी ठरवलं. सोमवारी पहाटे त्या बेज रंगाची टोपी घालून, घडीची खुर्ची आणि चीज भरलेल्या पुऱ्यांसारख्या बोरेकांची टोपली घेऊन लिफ्टपाशी उभ्या. मोईझ काळजीत. “आई, ती इंडियन कॉन्सुलेट आहे. तिथे तुझं काय काम?”

“मी याच्याबरोबर आहे,” एवढंच त्या म्हणाल्या. मोईझने मुकाट्याने गाडी काढली.

दुबईच्या बर दुबई भागात पोचलो तर कॉन्सुलेटबाहेर ही गर्दी. केरळचे, आंध्रचे, पंजाबचे, आपले कोकणातले. सोनापूरच्या कामगार कॅम्पांतून, अल क्वोजच्या गोदामांतून आलेले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच धाकधूक. मादामनी भिंतीच्या सावलीत खुर्ची उघडली आणि टोपली फिरवायला सुरुवात केली. थोड्या वेळात अख्ख्या रांगेला कळलं की ही तुर्की आजी एका मालवणी मिस्त्रीबरोबर आली आहे. कुणीतरी त्यांच्यासाठी पुठ्ठ्याचा पंखा केला. एका पंजाब्याने त्यांना लस्सी आणून दिली. पुढे सरकायची वेळ आली की दोघं जण खुर्चीसकट त्यांना उचलून पुढे ठेवायचे. त्या हात हलवायच्या, राणीसारख्या.

भिकाजीच्या खोलीतले दोघे, शेजारच्या गावचे, पासपोर्टवाले, साक्षीला आले होते. तरी खिडकी जवळ आली तसा भिकाजीचा आवाज बंद झाला. गाणं नाही, बोलणं नाही. टोपी हातात घेऊन ती पिळत राहिला.

खिडकीमागे चष्मेवाले एक गृहस्थ होते. सकाळपासून शेकडो माणसांशी बोलून त्यांचा घसा बसला होता. नाव-गाव विचारलं आणि देवगड ऐकताच त्यांनी मान वर केली. “कुठलं गाव म्हणालात? मी सावंतवाडीचा. बरं, हरवलेल्या पासपोर्टची झेरॉक्स?”

“नाही, साहेब.”

“रेशन कार्ड? शाळेचा दाखला?”

“सगळं गावी.”

गृहस्थ मादामकडे बघून इंग्रजीत म्हणाले, “आणि आपण कोण?”

“मी याच्याबरोबर आहे.”

“नातेवाईक?”

मी काही बोलायच्या आत भिकाजी म्हणाला, “मावशी.”

मागची रांग खदखदली. गृहस्थही हसले, पण कागद पुढे सरकवला नाही. साक्षीदारांचे पासपोर्ट नीट बघितले, नंबर उतरवून घेतले. मग मालवणीत म्हणाले, “तुमच्या गावच्या जत्रेक दशावतार होता काय?”

“होता तर. दरसाल.”

“तुमी कधी काम केलास?”

“राणीचा. मिशी काढून.”

“कसा करायचास?”

भिकाजीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मादामकडे. टोपी मला दिली. खांद्यावरचा पंचा डोक्यावरून घेतला, त्याचा पदर दातात धरला, आणि तो सिमेंट लागलेला हात कपाळाला लावून उंच, रडव्या, खणखणीत आवाजात सुरू केलं. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, तिथल्या तिथे सुचतील ते बोलायचे असतात. भिकाजीला सुचलं ते असं:

“महाराज, आपण मला परमुलखात धाडलंत ते धाडलंतच. सहा वर्षं या वाळूत मी वाट बघते आहे. माझं माहेर विचारा, माझं सासर विचारा, माझ्या पायाखालची लाल माती अजून गेली नाही ती बघा. मग हे प्रधानजी माझ्याकडे कागद का मागतात? प्रधानजी, बोला. मी या राज्याची की नाही?”

 रांगेतून अशी टाळी पडली की बाहेरचा पहारेकरी आत डोकावला. गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले, हसून की कशाने ते मला सांगता येणार नाही. बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे भिकाजीचा कागद सरकवत ते म्हणाले, “घ्या. हो आमचोच.”

घरी जाण्यापुरता लागणारा तात्पुरता कागद मिळायला पुढे काही दिवस लागले, नियमाप्रमाणे जे व्हायचं ते झालं. पण तो शब्द त्या दिवशी मिळाला. मादाम माझी बाही ओढत होत्या. “काय म्हणाला? तो काय म्हणाला?”

“तो म्हणाला, हा आमचा आहे.”

“नाही, त्याच्या शब्दांत सांग.”

“हो आमचोच.”

“हो आमचोच,” मादाम म्हणाल्या. मग त्यांनी टोपी काढली, घडीच्या खुर्चीवर बसल्या आणि थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. भिकाजी त्यांच्या पायाशी उकिडवा बसला.  मग मादामनी टोपलीत हात घातला आणि उरलेलं एकमेव बोरेक त्याच्या तोंडात कोंबलं.

त्या रात्री अजमानच्या खोलीत म्हणे कोणी झोपलं नाही. खोलीत आणखी तिघे खल्लीवल्ली होते. दुसऱ्या दिवशी तेही रांगेत जाऊन उभे राहिले आणि पुढे आपापल्या गावी पोचले. निघण्याच्या दिवशी भिकाजी आला तो नवा शर्ट घालून. मादामनी त्याला आपल्या हातचा गुलाबाचा मुरंबा दिला, मुक्ताबाईसाठी लिपस्टिक दिली. “बायको लावणार नाय,” भिकाजी म्हणाला. मी ते सांगितल्यावर मादाम म्हणाल्या, “लावेल. फक्त तुझ्यासमोर नाही.”

दोनेक महिन्यांनी चारुदत्तच्या ऑफिसातला कोणी कोकणात जाऊन आला, त्याच्या हाती कॅसेट आली. आम्ही ती मादामच्या घरी लावली. आधी कोंबड्या, मग भिकाजी. दर्शना एसटी स्टँडवर त्याला बघून मुक्ताबाईच्या मागे लपली होती. जवळ यायला तयार नाही, हे माझे बाबा नव्हेतच म्हणाली. मग भिकाजीने भर स्टँडवर म्हशीचा आवाज काढला. तिने इतकी वर्षं कॅसेटवर ऐकलेला तोच आवाज! “आणि तशी धावत इली,” कॅसेटमध्ये भिकाजी म्हणत होता. पाठीमागून एक बारीक आवाज ऐकू आला, “बाबा, आता माका बोलूक दे.” त्यानंतर बराच वेळ दर्शनाच बोलली, शाळेतल्या बाईंबद्दल.

मादामनी त्या कॅसेटचं माझ्याकडून तीनदा भाषांतर करून घेतलं.

भिकाजी परत आला १९९८ साली, नव्या पासपोर्टवर, मोईझच्या कंपनीच्या व्हिसावर, लाद्यांच्या कामाचा फोरमन म्हणून. पासपोर्ट कंपनीत जमा करायची पद्धत होती, पण मोईझने तो पहिल्याच दिवशी त्याच्या हातात दिला. आईने बजावलं असणार. भिकाजीने त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि खोलीतले लोक त्याला चिडवायला लागले की हा पासपोर्ट घेऊनच आंघोळीला जातो. तो चिडत नसे. “आता मी खल्लीवल्ली नाय,” म्हणायचा, “आता फक्त वल्ली.”

२००० च्या डिसेंबरात त्याने मुक्ताबाई आणि दर्शनाला महिनाभराच्या व्हिजिट व्हिसावर बोलावलं. मादामना इतका आनंद झाला की त्यांनी आठवडाभर आधीपासून मला मालवणी शिकवायला लावलं. मी पुण्याची. मला येत होतं तेवढं भिकाजीकडूनच उचललेलं, ते मी दिलं.

पहिल्या जेवणाच्या दिवशी मासे आणायचे होते. मी म्हटलं, सुपरमार्केटमधून आणूया. मुक्ताबाईने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. मग मोईझच्या गाडीतून आम्ही अजमानच्या मासळी बाजारात गेलो. मादाम पुढे, टोपी घालून. मुक्ताबाई काळीसावळी, उंच, हिरवी साडी कासोट्यासारखी वर खोचलेली. दर्शना नव्या बुटांत, अकरा वर्षांची, सगळ्याकडे डोळे मोठे करून बघणारी. जय तिला इंग्रजीत बाजार समजावून सांगत होता आणि ती त्याला मालवणीत उत्तरं देत होती. दोघांचं छान चाललं होतं.

मुक्ताबाईने पहिल्याच गाळ्यावर सुरमईचा कल्ला उचलून आत बघितलं आणि विक्रेत्याला म्हणाली, “ह्यो कालचो.”

विक्रेता बंगाली. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण सूर कळला. तो म्हणाला, “ताज़ा है, दीदी.”

“कालचो,” मुक्ताबाई म्हणाली.

मादाम पुढे झाल्या. त्यांनी दुसऱ्या माशाचा कल्ला उचलला, मासा नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि ठणकावून सांगितलं, “कालचो.” बाजूच्या गाळ्यांवरचे लोक जमले. दोन बायका, एक याआधी कणकवलीपलीकडे कधी न गेलेली, दुसरी पॅरिस-इस्तंबूल करून आलेली, एकेक मासा उचलून एकमेकींना दाखवत होत्या, नाकं मुरडत होत्या, माना डोलावत होत्या. शेवटी त्या बंगाल्याने हात जोडले, गाळ्याच्या मागे गेला आणि बर्फाखालून चकचकीत, पहाटेची सुरमई काढून आणली. मुक्ताबाईने कल्ला उघडला. आत लालभडक.

“ह्यो आजचो,” ती म्हणाली.

“आजचो,” मादाम म्हणाल्या आणि पैशांची पर्स उघडली.

“नको, नको, मी देतंय,” मुक्ताबाईने त्यांचा हात धरला. मादामनी तिचा धरला. दोघीही सोडेनात. भिकाजी त्या दोघींच्या मध्ये हातातली सुरमई सावरत उभा होता, आणि मोईझ मागून त्याला विचारत होता, “तुझ्या घरात नेहमी असंच चालतं का?”

“नाय साहेब,” भिकाजी म्हणाला, “आजपासून.”